पाळीतलं दुखणं, एंडोमेट्रिओसिस आणि डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं

डिचोलीकरीण

चवथीच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधायला गेले होते. त्यांची १७ वर्षांची नात मागच्या पडवीत, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी विचारलं तर आजी म्हणाली, "भायर आसा ती. सगळ्यांकच दुखता गो. लग्न जातकच बरें जातलें."

हेच वाक्य मी १४ व्या वर्षी ऐकलं होतं. निदान झालं तेव्हा मी २५ वर्षांची होते. मधल्या ११ वर्षांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून हा धागा.

माझं असं होतं: पाळीच्या आदल्या दिवसापासून ओटीपोटात सुरू व्हायचं, कंबरेतून मांड्यांत उतरायचं. दुसऱ्या दिवशी उलट्या. शौचाला बसलं की आतून कुणीतरी सुरी फिरवतंय असं वाटायचं, आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण पाळी आणि शौच यांचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. कॉलेजला डिचोलीहून पणजीला कदंबाच्या बसनं जायचे. बसमध्ये उभं राहायची वेळ आली तर पर्वरीच्या आसपास डोळ्यांपुढे अंधारी यायची. कधी पित्त, कधी अशक्तपणा, कधी अभ्यासाचं टेन्शन, अशी कारणं मिळत गेली. दोन वेळा सोनोग्राफी झाली. दोन्ही वेळा "नॉर्मल".

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पोट तपासताना विचारलं, "हे डाग कसले?" गरम पाण्याची पिशवी वर्षानुवर्षं पोटावर ठेवून माझ्या कातडीवर तपकिरी जाळी उमटली होती, मासे धरायच्या जाळ्यासारखी. मी म्हटलं, शेकते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "किती गरम लागतं तुला, की कातडी भाजली तरी पिशवी काढावीशी वाटत नाही?" त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला अर्धा तास प्रश्न विचारले. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दिसलं, डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ आणि गर्भाशयाच्या मागे आतडं चिकटलेलं.

गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसाच ऊतक गर्भाशयाच्या बाहेर वाढतो, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. अंडाशय, बीजवाहिन्या, पोटातला पडदा, आतडं, मूत्राशय, कुठेही. क्वचित छातीच्या पडद्यावर आणि फुप्फुसाच्या आवरणावरसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के बायकामुलींना, म्हणजे जगात १९ कोटींना हा आजार आहे. एका वर्गात ३० मुली बसत असतील तर त्यांतल्या तिघींना तो असू शकतो.

ज्यांना निदान झालं आहे त्यांनी लिहा: तुमच्या डॉक्टरांनी शेवटी कोणत्या वाक्यावर कान दिला? आणि ज्यांना यामागचं संशोधन कळतं त्यांनी तेही सोप्या शब्दांत सांगा. माझ्यासारख्या बाईला "का?" हा प्रश्न सुटत नाही.

माई_म्हापसा

बाय, तुझं वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी ३४ वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त. आमच्या काळात पोरी पोट धरून यायच्या, उजवीकडे दुखतंय म्हटलं की अपेंडिक्स काढायचे. अपेंडिक्स निघायचं, दुखणं तसंच राहायचं. पुढच्या महिन्यात तीच पोर परत दारात. तेव्हा आम्ही म्हणायचो, "हिला सवय लागली इस्पितळाची." मीही म्हटलंय. त्या पोरींची तोंडं आता आठवतात.

शेजारच्या आजीला दोष देऊ नकोस. तिला तिच्या आईनं तेच सांगितलं असेल. पण त्या मुलीच्या आईशी बोल.

पेडणेची_आई

डिचोलीकरीण ताई, मी तुमचं वाचत होते आणि "जाळी" शब्दाला थांबले. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिच्या पोटावर तशीच जाळी आहे. मला वाटलं कातडीला काहीतरी झालंय, म्हणून मलम आणून दिलं होतं.

तिची पाळी ८ दिवस चालते. पहिले तीन दिवस कॉलेज नाही. दोन डॉक्टर झाले. दोघांनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर पोटावरून सोनोग्राफी केली, काही नाही म्हणाले, आणि "लग्नानंतर बघू" सांगून पाठवलं. आता काय करू?

वास्को_डॉक्टरीण

पेडणेच्या आई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथून मी तुमच्या मुलीचं निदान करू शकत नाही, पण दोन गोष्टी स्पष्ट सांगते.

पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही, असं होत नाही. अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, जिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, सोनोग्राफीत बरी दिसते, आत धुरकट काचेसारखी. पण पोटाच्या पडद्यावर पसरलेले छोटे-छोटे ठिपके कुठल्याही सोनोग्राफीत सहसा सापडत नाहीत. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी जास्त बारकाईनं दाखवते. लग्न न झालेल्या मुलीला आपल्याकडे ती बहुतेक सुचवतच नाहीत. मुलगी सज्ञान आहे, तिला समजावून, तिची संमती असेल तर ती करता येते. तिला नको असेल तर एमआरआय आहे, गुदमार्गातूनही सोनोग्राफी करता येते. "लग्नानंतर बघू" हे वैद्यकीय उत्तर नाही.

दुसरं, पूर्वी आम्हाला शिकवायचे की दुर्बिणीनं पोटात बघितल्याशिवाय निदान म्हणायचं नाही. युरोपातल्या ईएसएचआरई या संस्थेनं २०२२ साली आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. आता लक्षणं आणि तपासणीवरून संशय पक्का असेल तर औषध सुरू करता येतं. दुर्बीण लागते ती तपासणीत काही दिसत नसेल किंवा औषधानं फरक पडत नसेल तेव्हा. म्हणजे १९ वर्षांच्या मुलीला शस्त्रक्रियेच्या भीतीनं थांबून राहायची गरज नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणी पुष्कळ जण करायला सांगतात. ती इतरही कारणांनी वाढते आणि आजार असूनही नॉर्मल येते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

पेडणेची_आई

डॉक्टर, खूप आभार. हे तिला वाचून दाखवते. एक विचारू? ती म्हणते शौचाला जाताना दुखतं. मला हे आजच कळलं, तुमचा धागा वाचून मी तिला विचारलं तेव्हा.

डिचोलीकरीण

मग ते लिहून काढा. मी डॉक्टरांकडे जायच्या आधी तीन महिने वही ठेवली होती, शंभर पानी, शाळेची. उभ्या रेघा मारून रकाने केले: तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं १० पैकी किती, कुठे दुखतं, शौच, लघवी, उलटी, किती गोळ्या घेतल्या, आणि शेवटचा रकाना "आज काय करता आलं नाही". त्या शेवटच्या रकान्यानं काम केलं. "खूप दुखतं" म्हटलं की कुणीही मान हलवतं. "१२ तारखेला परीक्षेचा पेपर अर्धा सोडून उठले, १३ ला जेवण नाही, १४ ला जिना चढता आला नाही" हे वाचल्यावर डॉक्टरांनी मान हलवली नाही, पुढचं पान उलटलं.

पाळी नसलेल्या दिवसांतलंही दुखणं लिहा. कित्येकींना अंडं सुटायच्या सुमाराला, महिन्याच्या मध्यावर, पुन्हा दुखतं.

शब्दफुले

सर्वांचा आदर ठेवून लिहिते. आमच्या घरी ओव्याचं पाणी, मेथीचे लाडू, पोटावर एरंडेल तेल लावून शेक, यावर तीन पिढ्यांनी निभावलं. माझं स्वतःचं दुखणं पहिल्या बाळंतपणानंतर बरंच कमी झालं. प्रत्येक दुखण्याला मोठं नाव देऊन मुलींना घाबरवू नये असं मला वाटतं. गोळ्यांनी पुढे मूल होत नाही असंही ऐकलंय.

वास्को_डॉक्टरीण

शब्दफुले ताई, शेकानं आराम पडतो, हे खरं आहे आणि मीही सांगते. पाळीत थोडं दुखणं बहुतेकींना होतं आणि ते आजार नसतं. फरक इतकाच: साधी गोळी आणि शेक घेऊन मुलगी आपल्या कामाला लागत असेल तर काळजीचं कारण कमी. गोळी घेऊनही ती अंथरुणातून उठत नसेल, दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडत असेल, शौच किंवा लघवीला दुखत असेल, तर शोध घ्यायलाच हवा.

गरोदरपणात पाळी थांबते, हार्मोनचं चित्र बदलतं, म्हणून काहींना बरं वाटतं. पण तो उपचार नव्हे. पुष्कळ जणींना बाळंतपणानंतर पाळी सुरू झाली की दुखणंही परत येतं. आणि या आजारात वापरायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. त्या बंद केल्यावर पाळी आणि बीज परत सुरू होतं. मूल होण्यात अडथळा आजारामुळे येतो. एंडोमेट्रिओसिस असलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के जणींना गर्भ राहायला अडचण येते असं मानतात. म्हणजे बाकीच्यांना येत नाही, हेही लक्षात ठेवा.

शब्दफुले

समजावून सांगितल्याबद्दल धन्यवाद. मला मेथीचे लाडू पुरले, म्हणून सगळ्यांना पुरतील असं मी धरून चालले. माझ्या पुतणीचं मला आत्ता आठवतंय. ती दर महिन्याला दोन दिवस शाळेत जात नाही. मी वहिनीला फोन करते.

जुवेंकर

मी मुंबईत प्रयोगशाळेत काम करतो, मूळ जुव्यांचा. या आजारावर थेट माझं संशोधन नाही, पण माझ्या बहिणीला तो आहे म्हणून गेली काही वर्षं जे मिळेल ते वाचतो. "का?" असं विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८६० साली व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्कीनं अशा ऊतकाचं वर्णन केलं होतं. एंडोमेट्रिओसिस हे नाव रूढ केलं अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरनं, आणि त्यानंच १९२७ मध्ये सांगितलं की पाळीचं रक्त सगळं बाहेर पडत नाही. थोडं उलटं, बीजवाहिन्यांतून पोटात जातं, त्याबरोबर अस्तराच्या पेशी जातात आणि तिथे रुजतात. ही कल्पना आजही पायाभूत मानतात. घोळ पुढे झाला. १९८० च्या दशकात पाळीच्या दिवसांत दुर्बिणीनं बघितलं तेव्हा बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या जवळजवळ ९० टक्के बायकांच्या पोटात रक्त सापडलं. मग आजार दहातल्या एकीलाच का?

आमच्या बेटावर खाजन शेती आहे, खाडीकाठी बांध घालून केलेली. भरतीला खारं पाणी बांधाच्या फटीतून थोडं आत येतंच, ते सगळ्यांच्याच शेतात येतं. पण एखाद्याच शेतात ते मुरतं, मीठ धरतं आणि पीक जळतं. पाणी आलं का, एवढंच बघून भागत नाही. माती कशी आहे, निचरा कसा आहे, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, वेळेवर उघडते का, हे बघावं लागतं. संशोधन आता तिथे आलं आहे. ज्यांना आजार होतो त्यांच्या पोटातल्या रक्षक पेशी, मॅक्रोफेज, त्या आगंतुक पेशी साफ करण्याऐवजी त्यांना रक्तवाहिन्या फुटायला मदत करताना दिसतात. ते ठिपके स्वतःसाठी इस्ट्रोजेन, म्हणजे त्यांना वाढवणारं हार्मोन, तयार करतात. वाढीला आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं ऐकत नाहीत. आणि त्यांच्यात नवे मज्जातंतू वाढतात. दुखण्याचा उगम तिथे आहे. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मेंदू आणि मज्जारज्जूही जास्त हळवे होतात, मग ठिपका काढला तरी दुखणं लगेच जात नाही. आजाराच्या चार अवस्था सांगतात, पण पहिल्या अवस्थेतली बाई लोळत असते आणि चौथ्या अवस्थेतलीला कधी पत्ताच नसतो, त्याचं कारण हेच.

उलट्या रक्तानं सगळं सुटत नाही हेही सांगतो. छातीत सापडणारा आजार, अगदी क्वचित पुरुषांत सापडलेला आजार, हे त्या एका वाटेनं समजत नाही. त्यामुळे पोटाच्या पडद्यातल्या पेशींचंच रूपांतर होतं, किंवा मूळपेशी रक्तावाटे जातात, अशाही कल्पना आहेत. कदाचित हा एकच आजार नाही, दोन-तीन आजार एका नावाखाली आहेत.

डिचोलीकरीण

जुवेंकर, "निचरा" ही गोष्ट मला इतकी वर्षं कुणी सांगितली नव्हती. मी मनात समजत होते की माझ्याच वागण्यात काही चुकलं. आनुवंशिक असतं का? माझ्या आत्याचं गर्भाशय ३२ व्या वर्षी काढलं होतं, कारण कुणालाच नीट सांगता आलं नाही.

जुवेंकर

असतं, निम्मं. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून अंदाज येतो की साधारण ५० टक्के वाटा जनुकांचा. पण एकच "दोषी जनुक" नाही. २०२३ मध्ये नेचर जेनेटिक्स या शोधपत्रिकेत मोठा अभ्यास आला, आजार असलेल्या ६० हजारांहून जास्त स्त्रिया आणि नसलेल्या ७ लाखांच्या डीएनएची तुलना. त्यात जनुकसंचात ४२ जागा सापडल्या ज्यांचा आजाराशी संबंध आहे. त्यांतल्या काही जागा मायग्रेन आणि पाठदुखीच्या जागांशी जुळतात. म्हणजे ज्या मुलीला पाळीत दुखतं, डोकं उठतं आणि कंबरही धरते, ती "सारखं काहीतरी दुखणारी" मुलगी नाही. तिन्हींचं मूळ एकाच ठिकाणी असू शकतं.

मला टोचलं ते असं की हे डीएनए युरोपीय आणि पूर्व आशियाई स्त्रियांचे. भारतीय स्त्रिया त्यात नाहीत. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकारानं ईसीजीआरआय हा प्रकल्प उभा राहिला. देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या रुग्णांची माहिती आणि नमुने जागतिक पद्धतीनं गोळा करायचे, म्हणजे आपल्या बायकांचं चित्र वेगळं आहे का ते कळेल. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, गर्भाशयाचा क्षयरोग. तोही ओटीपोटातले अवयव एकमेकांना चिकटवतो, तोही मूल होऊ देत नाही, आणि दोन्हींची गल्लत होते. युरोपातल्या पुस्तकात या गुंत्याला एक ओळ मिळते.

आणि गोव्याचं सांगतो, कारण इथे कुणाला ठाऊक दिसत नाही. २००६ साली संगात या गोव्यातल्या संस्थेच्या संशोधकांनी इथल्या २२६२ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, पाळीतल्या दुखण्यावर. तिघींतल्या एकीला मध्यम ते तीव्र दुखणं होतं. ते सगळं एंडोमेट्रिओसिस नव्हे. पण आपल्याच गावांत घरोघरी जाऊन विचारलं तेव्हा बायकांनी सांगितलं. कुणी विचारलं की सांगतात.

माई_म्हापसा

हे मला माहीत नव्हतं. "कुणी विचारलं की सांगतात" हे मात्र मी ३४ वर्षं पाहिलंय.

फोंड्याचा_नवरा

इथे पुरुषानं लिहावं का, असा विचार करत तीन दिवस वाचत होतो. बायकोला विचारून लिहितोय.

आमचं लग्न होऊन ६ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की तिला मी नको आहे. जवळ गेलो की ती अंग आखडून घ्यायची. मी रागावून बाहेरच्या खोलीत झोपायचो. तिला खोलवर दुखायचं, आणि ते तिनं मला सांगितलं नाही कारण तिच्या मावशीनं सांगितलं होतं, "सुरवातीक तशेंच आसता." दोन वर्षं आम्ही एका घरात एकमेकांना चुकीचं समजत राहिलो. निदान झालं त्या रात्री आम्ही दोघंही रडलो आणि मी आतल्या खोलीत परत आलो.

शस्त्रक्रियेबद्दल एक सांगतो. तिच्या दोन्ही अंडाशयांत गाठी होत्या. एका ठिकाणी लगेच काढू म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी एएमएच, म्हणजे बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करायला सांगितली, कारण गाठ सोलून काढताना तिच्याबरोबर अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो आणि बीजांचा साठा कमी होतो. ते ऐकून आम्ही आधी आयव्हीएफसाठी बीजं साठवली, मग शस्त्रक्रिया केली. मूल हवं असेल तर हा क्रम विचारून घ्या. आम्हाला कुणी सांगितलं नसतं तर आम्ही विचारलंही नसतं.

वास्को_डॉक्टरीण

दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. क्रमाचा प्रश्न प्रत्येकीत वेगळा सुटतो, पण शस्त्रक्रियेआधी एएमएच विचारा, हे सगळ्यांना लागू आहे.

शस्त्रक्रियेबद्दल दुसरी खरी गोष्ट: ती शेवटची असेलच असं नाही. पुढे औषध घेतलं नाही तर २ वर्षांत पाचातल्या एकीला आणि ५ वर्षांत ४० ते ५० टक्के जणींना आजार परत येतो असं जुन्या अभ्यासांचं एकत्रीकरण सांगतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डायनोजेस्टसारखं औषध किंवा हार्मोन असलेली तांबी चालू ठेवायला सांगतात. गर्भाशय काढलं म्हणजे सुटलो, असंही नाही. आजार गर्भाशयाच्या बाहेर आहे. डिचोलीकरीण, तुमच्या आत्यांना नंतर बरं वाटलं का?

डिचोलीकरीण

नाही. ती शेवटपर्यंत एका कुशीवरच झोपायची.

पर्वरीची_पोर

मी बीएस्सीला आहे. मला कॅन्सरची भीती वाटते, इंटरनेटवर वाचून. आणि थुंकीवरून निदान होतं म्हणे, ते गोव्यात कुठे करतात?

जुवेंकर

कॅन्सर: अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका या आजारात वाढतो, हे खरं. पण मुळात तो इतका कमी असतो की वाढूनही आयुष्यभरात शंभरातल्या दोघींच्या आसपासच राहतो. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय शोधपत्रिकेत आलं होतं की कॅन्सर नसलेल्या खोल ठिपक्यांतही केआरएएससारखे कॅन्सरशी जोडलेले जनुकबदल सापडतात. मथळे भयंकर झाले. पण ते बदल असूनही ते ठिपके कॅन्सर झाले नव्हते, आणि संशोधकांना कुतूहल त्याचंच आहे. तू झोप नीट.

थुंकी: फ्रान्समध्ये एका कंपनीनं लाळेतल्या १०९ मायक्रोआरएनएंवरून, म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या बारीक रेणूंवरून, चाचणी तयार केली आहे. निकाल चांगले आले, तिथल्या आरोग्य यंत्रणेनं मर्यादित वापराला वाट दिली. आपल्याकडे कुणी "लाळेची चाचणी" म्हणून पैसे मागितले तर आधी डॉक्टरांना विचार.

आणखी दोन गोष्टी मला आशेच्या वाटतात. २०२३ साली जपानच्या नागोया विद्यापीठानं दाखवलं की आजार असलेल्या ६४ टक्के बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युझोबॅक्टेरियम हा जिवाणू होता, नसलेल्यांत १० टक्क्यांहून कमी. उंदरांना प्रतिजैविक दिल्यावर ठिपके कमी झाले. उंदरांत, हे लक्षात ठेव. कुणीही यावरून औषधाच्या दुकानातून प्रतिजैविक आणू नये. दुसरं, एडिनबरामध्ये डायक्लोरोअ‍ॅसिटेट या औषधावर काम चालू आहे. ठिपके ज्या पद्धतीनं साखर जाळून लॅक्टेट सोडतात, त्यावर ते मारा करतं. महत्त्व याचं की ते हार्मोन नाही. आजवरची जवळजवळ सगळी औषधं हार्मोन दाबणारी, अगदी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालेलं इलॅगोलिक्ससुद्धा. ज्यांना मूल हवंय त्यांना ती घेताच येत नाहीत.

पर्वरीची_पोर

इतका उशीर का लागतो पण? १९२७ पासून शंभर वर्षं होत आली.

जुवेंकर

एक कारण असं की उंदराला पाळी येत नाही. प्रयोगशाळेतलं सगळं जग उंदरावर चालतं. पाळी येते ती माणसाला, काही माकडांना, थोड्या वटवाघळांना आणि एलिफंट श्रू नावाच्या छोट्या प्राण्याला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात काटेरी उंदराच्या एका जातीलाही येते असं कळलं, तेव्हा ती मोठी बातमी झाली. साध्या उंदराच्या पोटात ऊतक नेऊन चिकटवावा लागतो, आणि मग आपण आजार अभ्यासतो की आपणच केलेली जखम, हा प्रश्न राहतो. म्हणून एमआयटीच्या लिंडा ग्रिफिथ यांनी रुग्णांच्याच पेशींपासून अस्तराची सूक्ष्म प्रतिकृती प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम हाती घेतलं. त्यांना स्वतःला एंडोमेट्रिओसिस होता, त्यांनी हे जाहीर सांगितलं आहे.

दुसरं कारण माई आणि डिचोलीकरीण यांनी वर लिहिलंच आहे. जे दुखणं कुणी नोंदवत नाही त्यावर पैसा लागत नाही. ऑस्ट्रेलियानं २०१८ साली या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला, फ्रान्सनं २०२२ मध्ये. दोन्हीकडे रुग्ण बायका आधी बोलल्या, सरकार मागून आलं.

माई_म्हापसा

पेडणेच्या आई, खर्चाचं मनात असेल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड शोधून ठेवा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत मिळतं. कार्डाची मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण करून घ्या, आणि कोणते उपचार त्यात बसतात ते इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर आधीच विचारा. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलात तर सकाळी लवकर पोचा, डबा आणि पाणी बरोबर घ्या. पोरीला रांगेत उभं करू नका, तुम्ही उभ्या राहा.

पेडणेची_आई

(पाच आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. वही ठेवली. पूर्ण एक पाळी आणि तिच्या मागचे-पुढचे दिवस. तिनंच लिहिली, मी फक्त रेघा मारून दिल्या. शेवटच्या रकान्यात तिनं जे लिहिलं ते मला ठाऊक नव्हतं. "आईला हाक मारली नाही, ती आत्ताच कामावरून आली होती."

नव्या डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. पोटावरची जाळी बघितली. "लग्न झालंय का" विचारलं नाही, मुलीलाच विचारलं की कोणती तपासणी चालेल. तिनं एमआरआय सांगितला. उजव्या अंडाशयात चार सेंटीमीटरची गाठ आणि गर्भाशयाच्या मागे थोडा चिकटा. शस्त्रक्रिया आत्ता नको म्हणाले, डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज एक, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपीही सांगितली आहे.

आज गोळीचा १८ वा दिवस. दुखणं बरंच कमी. पण मधूनच डाग लागतो आणि ती घाबरते. हे सगळ्यांना होतं का?

डिचोलीकरीण

हो, पुष्कळ जणींना होतं. मला जवळजवळ तीन महिने अधूनमधून लागत होता, मग थांबला. मनानं गोळी सोडू देऊ नका, वेळही रोज एकच ठेवा. जास्त रक्त गेलं, किंवा मन फार उदास राहायला लागलं, तर तीन महिने थांबू नका, लगेच फोन करा. मला दुसऱ्या महिन्यात उगीच रडू यायचं, ते मी सांगितलं नव्हतं, तुम्ही तिला विचारत राहा. आणि डागाचा रकानाही वहीत वाढवा.

शेजारच्या नातीचं सांगायचं राहिलं. काल तिची आई आमच्याकडे आली होती. वही मागायला. मी माझीच जुनी दिली, मागची पानं कोरी आहेत.